उद्धवराव मैदान सोडतात

कावळा काही येईना.

पैनगंगेच्या वाळूत पळसाच्या पत्रावळीवर पिंड मांडून झाले होते. ऊन चढत होतं. राजकुमारचा मुलगा बंडू नुकतंच मुंडन केलेल्या डोक्यानं, ओल्या धोतरानं, हात जोडून बसला होता. आणि कावळे? कावळे होते की! नदीच्या पलीकडच्या काठावर, राज्याच्या हद्दीपार, बाभळीच्या शेंड्यावर, महाराष्ट्रात निवांत बसले होते.

"इकडं यायले परमिट लागते काय त्यायले?" मागून कोणी तरी पुटपुटलं. एरवी भीमपूरकर पोट धरून हसले असते. आज कोणी हसलं नाही.

पिंडाला कावळा शिवत नाही म्हणजे गेलेल्याचं काही तरी मागं राहिलंय, हे त्या काठावर कोणाला सांगावं लागत नव्हतं. म्हणून एकेक जण पुढं होऊन राजकुमारला वचन देत होता. बंडू म्हणाला, "बाबा, आईले मी अंतर देनार नाई." कावळा हलला नाही. चुलत्यानं पोरीच्या लग्नाचं अंगावर घेतलं. कावळ्यानं पंख साफ केले. सोयाबीनच्या ढिगाशेजारी बसल्या बसल्या ज्याचं काळीज थांबलं, त्याला शेवटचा शब्द बोलायलाही सवड मिळाली नव्हती. आता त्याच्या मनातलं ओळखायचं कोणी?

सगळ्यांच्या मागं उद्धवराव उभे होते आणि त्यांचा जीव नुसता कासावीस होत होता.

नातं म्हणाल तर रक्ताचं नाही. उद्धवरावांचं बाजारात भोंग्यांचं दुकान. लग्न असो, सप्ताह असो, निवडणूक असो, भोंगाही त्यांचा आणि आवाजही त्यांचाच. पण कबड्डीच्या मैदानावर जाताना भोंगा दुकानात राहायचा. "राजकुमारसाठी माहा गळाच पुरते," म्हणायचे. आणि पुरायचा. बायको विमलबाई गेली तेव्हापासून घरात त्यांचं ऐकायला भिंती तेवढ्या उरल्या. मग रोज दिवेलागणीला राजकुमार दुकानाच्या पायरीवर येऊन बसे आणि उद्धवराव त्याला त्याच्याच मॅच सांगत. खेळणारा तो, सांगणारे हे. राजकुमार गालात हसे आणि उठताना म्हणे, "दादा, तुमी जास्तच लावून सांगून राह्यले."

आता त्या पायरीवर कोण बसणार, हा विचार उद्धवराव मनाच्या दाराशीसुद्धा येऊ देत नव्हते. त्यांना फक्त तो कावळा हवा होता. शेवटी राहवलं नाही. माणसं बाजूला सारून ते पुढं आले.

"सरका! संसारात नाई अटकला त्याचा जीव. मैदानात अटकला. मले ठाऊक हाय."

आणि तिथंच, त्या वाळूत, पायानं रेघ ओढून ते सुरू झाले.

"आठव राजकुमार, मंचेरियल! कोळसा खाणीवाल्यांचा संघ. सात गडी म्हंजे सात खांब. आपले साही बसलेले बाहीर, मंदात तू एकटा. सारं मैदान म्हणे, संपलं. आनि तू काय केलं? डावीकडून शिरला. तोंडानं दम चालू, अन् डावा खांदा असा खाली टाकला, जसा काई थकून परतूनच चालला. कोपऱ्यावरचा फसला, पुडं आला, आनि मागच्या मागं तुही लाथ!"

बोलता बोलता उद्धवरावांची लाथ मागं गेली आणि वाळू उडाली.

"आनि इचोड्याची मॅच? सडकेच्या बाजूलेच मैदान. हैद्राबादहून नागपूरले चाललेल्या ट्रका थांबल्या, डायवर टपावर चढले. तिघायनं कंबर धरली याची. तिघायले घेऊन रेघेपर्यंत आला! बनियनच्या चिंध्या झाल्या, पन हात टेकला. डायवर लोकायनं एवढे हॉर्न वाजवले का धाब्यावरची म्हैस दावं तोडून पळाली."

काठावरच्या म्हाताऱ्यांचे डोळे भरून आले. तेवढ्यात एक कावळा नदी ओलांडून अलीकडच्या खडकावर येऊन बसला. बंडूनं श्वास रोखला.

"पन अटकला तू भीमपूरच्या मॅचमंदी!" उद्धवरावांचा आवाज फाटला. "आपलं गाव, आपलं मैदान, पलीकडचा यवतमाळचा संघ, शेवटची चढाई. चौघं अंगावर पडले, आनि बोट... बोटभर कमी पडलं रे! शिट्टी झाली. त्याच्यानंतर तू चड्डी खुंटीले टांगली ते टांगलीच. ते बोटभर अंतर मी भरून काहाडीन! गावातले पोट्टे तयार करीन, त्याच संघाले याच मैदानात पाडीन! माहा शबूद हाय!"

दोन्ही हात आभाळाकडं गेले. कावळा उडाला.

थोड्या वेळानं तो पुन्हा आला, थेट पत्रावळीच्या जवळ. उद्धवरावांना वाटलं, शब्द पोचला! त्यांनी आणखी जोरात, आणखी हातवारे करीत तीच चढाई पहिल्यापासून सांगायला घेतली. कावळा परत महाराष्ट्रात.

गुरुजी उठले. "आता उशीर नको. दर्भाचा कावळा करून शिववू. शास्त्रात सोय आहे."

"गवताचा कावळा?" उद्धवराव गुरुजींच्या पायाशीच बसले. "खाणवाल्यायले लोळवनाऱ्याले गवताचा कावळा? नाई गुरुजी, पाया पडतो. अजून एक मॅच राह्यली. ती सांगतो, ते असंन त्याच्या मनात..."

"भाऊजी."

राजकुमारची बायको, देवकाबाई. इतक्या वर्षांत डोक्यावरचा पदर सावरत चहाचा कप पुढं करण्यापलीकडं तिनं उद्धवरावांशी संबंध ठेवला नव्हता. ती उभी राहिली होती.

"भाऊजी, हात खाली घ्या. तो आला होता. तुमीच उडवला."

उद्धवरावांचे हात हवेतच राहिले.

"आनि मॅच चालू असताना ते कदी मैदान सोडून घरी आले काय?" तिचा आवाज अगदी हळू होता. "मी चुलीवरून भाकर उतरवून वाट पाहत बसायची. सुटल्याबिगर येत नसत. तुमी सांगतच राह्यले तर ते जातीन कसे?"

 दगडफेक झाली तरी शेवटच्या शिट्टीपर्यंत मैदान न सोडणारे हे उद्धवराव. त्यांनी पायाखालची रेघ पाहिली. तळव्यानं हळूच पुसली. आणि वाळू तुडवत दरड चढून गेले.

वर बाभळीखाली ते नदीकडं पाठ करून बसले. तोंड आपोआप उघडत होतं, म्हणून त्यात उपरण्याचा बोळा कोंबला. तरी मॅच आतून धडका देत होत्या. मंचेरियल आली, त्यांनी ढकलली. इचोडा आलं, ढकललं. नुसत्या गलक्यावरून गडी बाद की नाबाद ते ओळखणारे कान. त्यांना खालून काही, काहीच ऐकू येईना. दूर कुठं तरी पाण्याचं इंजिन धडधडत होतं. उद्धवरावांना वाटलं, गवताचाच केला. माझ्यापायी त्याला गवताचा कावळा शिवला. त्यांनी गुडघ्यात डोकं घातलं आणि उपरण्यातच हंबरडा फोडला.

किती वेळ गेला कोण जाणे. मागं पावलं वाजली. देवकाबाई होती. बाकीची माणसं मागून दरड चढत होती.

विचारायची हिंमत होईना. उद्धवरावांनी नुसतं तिच्याकडं पाहिलं.

"तुमी नाई पाह्यलं?"

"पाठ करून होतो, बाई."

ती हातभर अंतरावर टेकली. जन्मात तिनं नवऱ्याची एकही मॅच पाहिली नव्हती. बायामाणसं तिकडं जातच नसत. तिनं पदर सावरला, नदीकडं पाहिलं.

"डाव्या आंगानं आला," ती म्हणाली. "सीदा नाई. आला आनि थांबला. मंग मान अशी खाली टाकली, जसा काई परतूनच चालला. बंडूनं तं आशाच सोडली. गुरुजीनं दर्भ हातात घेतला. आनि..."

भाताची शितं चिकटलेला तिचा हात आपोआप हवेत उठला.

उद्धवरावांनी तोंडातलं उपरणं काढलं. लहान पोरासारखे ते पुढं सरकले.

"मंग?" त्यांनी विचारलं. "मंग, बाई?"