फोटोतून गेलेले आधार नंबर

सकाळी मी इथे लिहिलं होतं की आमच्या उल्हासनगरच्या कारखान्यातून आता कामगारांचे आधार नंबर ईमेलने बाहेर जाणार नाहीत. ते चूक होतं.

दुपारी एचआरच्या मॅडमनी सगळ्यांच्या आधार नंबरांची यादी पीएफच्या एजंटला पाठवली. कारखान्याचं आयटी मी सांभाळते; आधार नंबर असलेले मेल थांबवायला मी लावलेल्या नियमाने तो मेल अडवला. मग त्यांनी यादीचा मोबाइलवर फोटो काढला आणि तो मेल केला. नियम टाइप केलेले आकडे ओळखतो, फोटोतले नाही.

विचारलं तर म्हणाल्या, "तुझी सिस्टिम 'नाही' म्हणाली, म्हणून जुगाड केला. एवढं काय टेन्शन घेतेस गं?"

आमच्याकडे शिलाई करणाऱ्या एका ताईंनी आधार देताना मला विचारलं होतं, "हा कुठे बाहेर जाणार नाही ना?" मी त्यांना शब्द दिला होता.

फोटोंवरचा नियम आजच लावला. पण नंबर बाहेर गेला, हे ताईंना तुम्ही सांगितलं असतं का? मी सांगणार आहे, चामटोलीला त्यांच्या घरी जाऊन, येत्या शुक्रवारी.