शालूकाकूंचा वर्षाचा शब्द

एक जानेवारीला शालूकाकूंच्या खानावळीत कुणालाही सुखासुखी पोळी मिळत नसे. ताट मांडलेलं असे, वरण, भात, भाजी वाढलेली असे, पण पोळी हातात धरून काकू समोर उभ्या राहायच्या आणि म्हणायच्या, "आधी शबद सांग." नवा माणूस गोंधळून इकडेतिकडे बघायचा. मग शेजारचा कुणीतरी त्याला समजावून सांगायचा, की येणारं वर्ष ज्या एका शब्दाला धरून काढायचं, तो शब्द इथे सगळ्यांदेखत सांगायचा असतो.

मी मूळची कोल्हापूरकडची. वीज खात्यात कनिष्ठ अभियंता म्हणून पहिलीच नेमणूक यवतमाळला झाली आणि कार्यालयातल्या कुणीतरी या खानावळीचा पत्ता दिला. खानावळ म्हणजे काकूंच्या घराची पुढची खोली. कॉलेजची मुलं, बँकेतले एकटे राहणारे, दुकानांत कामाला असलेले असे सगळे तिथे जेवायचे. मुलींमध्ये मी एकटीच, म्हणून काकूंनी मला पहिल्या दिवसापासून आत स्वयंपाकघरात बसवलं. माझं नाव त्यांनी कधी घेतलं नाही. मी त्यांची 'लाइटवाली'. जेवताना वीज गेली की बाहेरून सगळे माझ्या नावाने ओरडायचे आणि काकू शांतपणे मेणबत्ती लावत म्हणायच्या, "जेवू द्या तिले. तिच्या घरची नाई ते लाइट."

पहिल्या वर्षी मी मोठ्या ऐटीत 'यश' म्हणाले. काकूंनी मान हलवली. मग मी 'समाधान' म्हणाले, तेही चाललं नाही. "जे दुसऱ्यानं द्यायचं, ते मांगू नको. तुह्या हातचं असन ते सांग," त्या म्हणाल्या. भूक लागली होती. कार्यालयात रोज तक्रार घेऊन येणारे लोक डोळ्यांपुढे आले. त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी नियम सांगायला लागायचे. मी म्हणाले, "ऐकणं." काकूंनी पोळी वाढली आणि वर तूप सोडलं.

शब्द घेतला म्हणजे सुटका नव्हती. त्या वर्षी भर उन्हाळ्यात मी एका ग्राहकाबद्दल तावातावाने सांगत होते, तर काकू भाजी चिरता चिरता म्हणाल्या, "काय म्हनत होता तो?" ते मला धड सांगताच येईना. मी ऐकलंच नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी त्या माणसाला फोन करून बोलावून घेतलं.

जेवणाऱ्यांतला अक्रम मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात कामाला होता. मूळचा ढाणकीचा, जिभेचा तिखट आणि मोटारसायकल चालवायला त्याहून तिखट. एकदा पडून हात गळ्यात बांधून आला, त्या जानेवारीत काकूंनी त्याला 'हळू' घ्यायला लावलं. मग वर्षभर तो भरभर जेवायला लागला तरी काकू दारातून म्हणायच्या, "हळू, बावा." तो चिडायचा, पण जेवायचा हळू.

हे खूळ आलं कुठून, ते मी एकदा मेथी निवडताना विचारलं. काका एका वर्षी दिवाळीनंतर गेले, काकू सांगू लागल्या. खानावळ त्यांचीच, माणसं त्यांनी जोडलेली. ते गेल्यावर काकूंना सकाळी अंथरुणातून निघवेना. नवं वर्ष उजाडलं तेव्हा त्यांनी स्वतःला एवढंच सांगितलं, की उठायचं. "'उठनं' हा माहा पयला शबद. त्या वर्षी म्या दुसरं काईच केलं नाई. निसती उठली रोज. उठली म्हनून चूल पेटवली, चूल पेटली म्हनून पोरं जेवाले आले." पुढच्या वर्षी जेवणाऱ्या मुलांनाही शब्द विचारायला त्यांनी सुरुवात केली.

स्वतःचा शब्दही त्या सांगायच्या, पण तो बहुधा साधा असायचा. एका वर्षी 'औषध', कारण रक्तदाबाची गोळी राहून जायची. त्यामुळे एका जानेवारीला अक्रमने विचारलं, "काकू, यंदा तुमचा?" तेव्हा सगळ्यांना असंच काही अपेक्षित होतं. काकू म्हणाल्या, "जानं."

"कुठं?"

"ते माहं मले माईत हाय."

वर्षभर त्यावर थट्टा चालली. कुणी माहूरला घेऊन जातो म्हणे, कुणी काशीची तिकिटं काढायला निघे. काकू हसायच्या आणि कुठेच जायच्या नाहीत. पोळा गेला, दिवाळी गेली. थट्टाही विरली. पण मी आत बसत असल्यामुळे मला दिसत होतं, की काकू अधूनमधून चांगलं लुगडं काढून खाटेवर ठेवतात आणि संध्याकाळी पुन्हा कपाटात घालतात.

डिसेंबर संपत आला तेव्हा मला कामासाठी पांढरकवड्याला जायचं होतं. आदल्या दिवशी काकूंनी विचारलं, "तू जाऊन राह्यली ना उद्या? मले घेऊन चाल." तिथे कोण आहे, असं मी विचारलं. त्या कणीक मळत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "वैशाली. माही पोरगी."

काकूंना मुलगी आहे, हे मला तोवर ठाऊक नव्हतं. वैशालीने दुसऱ्या जातीतल्या मुलाशी नोंदणी करून लग्न केलं होतं, आणि काका-काकूंनी दार बंद केलं होतं. काका गेले तेव्हा ती धावत आली. काकू भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या. त्यांनी मान वळवली नाही. ती थोडा वेळ उंबऱ्याशी उभी राहिली आणि परत गेली. "गावचे लेकरं जेवू घातले म्या," काकू म्हणाल्या, "अन् पोटची पोरगी माह्या दारातून पानी न पेता गेली."

एसटीत त्या खिडकीशी बसल्या. कुणाकडेही जाताना डबा भरून नेणाऱ्या काकू त्या दिवशी मोकळ्या हाताने निघाल्या होत्या. मी बसस्थानकावर पेढे घेऊ लागले, तर त्यांनी अडवलं. "खायाचं नेलं तं तिले वाटन, समजूत घालाले आली." वाटेत त्या दोनदा म्हणाल्या की पुढच्या थांब्यावर उतरू आणि परत जाऊ. पण उतरल्या नाहीत.

जावयाचं टायरचं दुकान हायवेवर होतं आणि मागेच घर. दार वैशालीनेच उघडलं. काकूंसारखंच रुंद कपाळ. ती बघतच राहिली. मी बाजूला सरकले.

"पानी दे व," काकू म्हणाल्या.

"आधी आत तं ये."

"नाई. त्या दिवशी म्या तुले इचारलं नाई. आज मी मांगून राह्यली. देशीन तं आत येईन."

वैशाली आत गेली. तिला यायला इतका वेळ लागला, की ती येत नाही असंच मला वाटलं. मग ती तांब्या आणि पेला घेऊन आली. काकूंनी उंबऱ्याबाहेर उभं राहून पेला रिकामा केला.

"इतके वर्षं लागले तुले?" वैशालीने विचारलं.

"लागले," काकू म्हणाल्या. सबब सांगितली नाही.

वैशालीच्या मागून एक लहान मुलगी डोकावत होती. ही कोण, असं तिने आईला विचारलं. वैशालीने काकूंच्या हातातला पेला घेतला आणि म्हणाली, "माही आई हाय. जा, पप्पाले बोलाव दुकानातून."

मी माझ्या कामाला निघून गेले. संध्याकाळी घ्यायला आले, तर काकू म्हणाल्या, "तू जा, मी राह्यतो आज." खानावळीचं काय, ते त्यांनी विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी अक्रमने आणि कॉलेजच्या मुलांनी मिळून खिचडी केली. ती खाली लागली होती, पण सगळ्यांनी निमूट खाल्ली.

पुढे वैशाली संक्रांतीला यवतमाळला आली. काकूंचे गुडघे थकले तशी खानावळ बंद झाली आणि त्या लेकीकडेच राहायला गेल्या. माझीही बदली झाली. फोनवर बोलणं व्हायचं. नातीचं कौतुक, जावयाच्या चहाला साखर जास्त, असलं काहीबाही. गेल्या पावसाळ्यात त्या झोपेतच गेल्या.

तेराव्याला मी पांढरकवड्याला गेले. अक्रम ढाणकीहून आला होता. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे. बोलता बोलता त्याने वैशालीला विचारलं, की काकूंचा यंदाचा शब्द कोणता होता. वैशाली वाढता वाढता थांबली.

"इथं आल्यापासून आईनं शबद घेतलाच नाई," ती म्हणाली. "मी इचारलं होतं एकदा. तं म्हने, आता मले कायले पायजे?"