शेवटच्या पानावरची पेन्सिल

निर्मलाकाकू गेल्याचं मला कळलं ते वाचनालयाच्या खिडकीत. गेल्या महिन्यात त्यांचा मुलगा एक कादंबरी घेऊन आला. "आई सोमवारी गेली," म्हणाला. "हे पुस्तक मुदतीत परत कर, असं बजावून ठेवलं होतं…" मी सवयीने शेवटचं पान उघडलं.

ही सवय काकूंनीच लावलेली. नव्वदच्या सुमारास मी नाशिकच्या या वाचनालयात ग्रंथपाल म्हणून लागलो, तेव्हा युद्धावरच्या प्रत्येक कादंबरीच्या शेवटी पेन्सिलीने लिहिलेलं असायचं : 'आला' किंवा 'नाही आला', म्हणजे गोष्टीतला सैनिक घरी परतला की नाही. शेवट आधीच फुटला म्हणून वाचक माझ्यावर कावायचे. मी खोडरबर घेऊन मागे लागलो आणि एक दिवस काकूंना रंगेहाथ पकडलं. त्या जराही ओशाळल्या नाहीत. "अहो, जीव टांगणीला लागतो. माझ्यासारख्या कुणाला आधी कळलेलं बरं, निवांत वाचेल तरी." मी कपाळाला हात लावला. त्या लिहीत राहिल्या, मी खोडत राहिलो, आणि त्यातच आमची मैत्री जमली.

पुढे मी एका दिवाळी अंकात कथा लिहिली. लढाईवरून सैनिक परततो, बायको दारात त्याला ओवाळते, समाप्त. मोठ्या ऐटीत काकूंना अंक दिला. वाचून म्हणाल्या, "छान आहे. पण तो दारात आला की तुम्ही लेखक पेन खाली ठेवता. आमचं तर तिथून सुरू झालं."

त्यांचे यजमान लढाईवरून धडधाकट आले, ओझरच्या विमान कारखान्यात लागले. विमान डोक्यावरून गेलं तरी मान वर करत नसत. पण घरात कुकरची शिट्टी झाली की भरल्या ताटावरून उठून अंगणात जाऊन उभे राहत. काकूंनी कुकर माळ्यावर टाकला आणि जन्मभर उघड्या पातेल्यात भात शिजवला. यजमान गेल्यावरही कुकर खाली काढला नाही.

"कंटाळा नाही आला?" मी विचारलं.

"कशाचा? ते पोटभर जेवायचे. सुखाचा झाला की माझा संसार." मग म्हणाल्या, "हे लिहा कधीतरी." मी हो म्हटलं. नंतर दर खेपेला त्या विचारायच्या, आणि मी दर खेपेला पुढच्या दिवाळीवर ढकलायचो. याची मला आता फार लाज वाटते.

त्या शेवटच्या कादंबरीतही सैनिक दाराशी येतो आणि पुस्तक संपतं. खाली काकूंचं थरथरतं अक्षर होतं. या वेळी एक शब्द जास्त होता : 'आला. जेवला.'

मी इतकी वर्षं जे लिहीन लिहीन म्हणत होतो, ते त्यांनी दोन शब्दांत उरकलं. खोडरबर खणातच राहू दिलं आणि पुस्तक कपाटात लावलं. पुढच्या वाचकाला शेवट आधीच कळेल… कळू दे.