माझी लारी धरणारी बाई

फतेगंजला मी लिंबा-मिरच्यांची लारी, म्हणजे हातगाडी, लावायची. माझ्या शेजारी सावली गावाहून येणारी एक बाई तिच्या लारीवर भेंडी विकायची. नाव कधी विचारलं नाही. मी तिला बेन म्हणायची, ती मला मासी.

दबाण, म्हणजे रस्त्यावरचं अतिक्रमण, हटवणारा म्युनिसिपालिटीचा ट्रक आला की आम्ही सगळे आपापली लारी घेऊन पळायचो. मागे राहील ती लारी ट्रकवाले उचलून न्यायचे. नोटीस नाही, काही नाही.

त्या दिवशी गुडघेदुखीने मला उठताच येईना. त्यांनी माझी लारी धरली, तशी ही बाई स्वतःची सोडून आली आणि माझ्या लारीला घट्ट धरून उभी राहिली.

"नोटीस दाखवा, मग उचला," एवढंच म्हणत राहिली. आवाज चढवला नाही.

"अगं, तुझी बघ!" मी ओरडले.

"आपापली तर सगळेच धरतात, मासी."

माझी वाचली. तिची ट्रकात गेली.

पळालेला शेजारचा केळेवाला परत येऊन चिडला, "आता मत द्यायचंच नाही कुणाला!"

ती हसली. "मग तर निवडून येणाऱ्यांना शांतीच ना, भाई! मत पण द्यायचं, आणि मग जाऊन जाब विचारायचा पण."

पदर खोचून ती वॉर्ड ऑफिसकडे निघाली. मी लिंबांवर गोणपाट टाकलं, केळेवाल्याला लक्ष ठेवायला सांगितलं, आणि गुडघे धरत तिच्या मागे गेले. आजवर ट्रक बघून पळायची सवय. त्यांच्या दारात पहिल्यांदाच जात होते.