माझ्या मयताला लाकूड आणू नका

चहा घ्या, बिस्किटं घ्या, पण ऐकताना मध्ये हसायचं नाही. अजून माझं डोकं तापलेलं आहे! माणूस एक चांगलं काम करायला जातो आणि अख्खं गाव त्याच्यावर उठतं, ह्याला काय म्हणायचं? चूक माझी होती का? होती, थोडी. किती होती ते शेवटी तुम्हीच सांगा.

मी पडघ्याजवळ एका गोडाऊनमध्ये डिस्पॅचला सुपरवायझर आहे. वय सव्वीस. ह्या वयात पोरांनी कशाचा विचार करावा? लग्नाचा, बाईकचा, क्रिकेटच्या टुर्नामेंटचा. आणि आम्ही विचार करत होतो मेल्यानंतरचा!

झालं असं, की कंपनीत एक बाई देहदानाची माहिती द्यायला आल्या. आपण मेल्यावर शरीर मेडिकल कॉलेजला द्यायचं, डॉक्टर होणारी पोरं त्यावर शिकतात, असं सगळं त्यांनी नीट समजावलं. जाताना फॉर्म वाटून गेल्या.

लंच टाइमला आम्ही तिघं बसलो. मी, बिलिंगची वैष्णवी आणि निजामपुऱ्याचा इमरान, जो घरचे कापडाचे लूम सोडून आमच्यात आलाय.

"मी देणार," वैष्णवी डबा उघडता उघडता म्हणाली. लोणच्याची फोड द्यावी इतक्या सहज!

"मेरे घर में ये बात निकाली ना," इमरान म्हणाला, "तर अम्मी मला आजच गाडेल."

मी म्हटलं, "पण मेल्यावर काही तासांतच न्यायला लागतं म्हणे. आपल्याला इथून कॉलेजला पोचवणार कसं?"

"धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकमधून?" इमरानला हसू आवरेना. "भाई, तू पोचेपर्यंत तुझा दहावा होईल!"

मला आला राग. हा काय थट्टेचा विषय आहे? एक पोरगी बिनधास्त देणार म्हणते आणि मी ट्रॅफिकचं कारण सांगत बसू? "मी पण देणार!" म्हटलं, आणि तिथल्या तिथे फॉर्म पुढ्यात ओढला. नाव, पत्ता, वय, रक्तगट, भराभर लिहीत सुटलो.

"आधी घरी बोल," वैष्णवी म्हणाली. "दोन नातेवाइकांच्या सह्या लागतात."

"शरीर माझं, निर्णय माझा. घरच्यांना काय विचारायचं?"

इथे मी पहिली माती खाल्ली.

आता आमच्या गावची एक रीत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. गावात मयत झालं की घरटी एक लाकूड जातं. कुणी गोडाऊनला जमीन दिलेला असो नाहीतर दुसऱ्याच्या शेतात राबणारा असो, घरातला एक माणूस खांद्यावर लाकूड घेऊन स्मशानात जाणार म्हणजे जाणार. ज्याच्या घरचं लाकूड येतं, तो गावातला. बाकी आधारकार्डावर काय लिहिलंय ते गाव बघत नाही.

त्याच रविवारी समाजमंदिरात मीटिंग होती. स्मशानाच्या शेडचे पत्रे उडाले होते, लाकडं भिजत होती. आमचे बाळाराम नाना, म्हणजे बाबांचे चुलते आणि गावातलं शेवटचं कोर्ट, खुर्ची पुढे घेऊन बसले होते. सगळे पत्र्यांवर बोलत होते. बाबा पडघ्याला गेले होते. मला वाटलं, हाच मोका आहे!

मी टुर्नामेंटला कॉमेंट्री करतो ना, त्यामुळे मला सवय. आधी सस्पेन्स, मग सिक्सर. उभा राहिलो, छाती काढली आणि ठणकावून म्हटलं, "पत्रे लावा नाहीतर नका लावू! माझ्या मयताला गावानं लाकूड आणायचं नाही! कुणी स्मशानात यायचं नाही! कारण..."

कारण ऐकायला थांबलं कोण? नाना उठले. नाना उठले म्हणून सगळे उठले. खुर्च्या सरकल्या, चपला वाजल्या, त्या आवाजात मी आपला देहदान, देहदान ओरडतोय! हॉल रिकामा. आणि मला मूर्खाला काय वाटलं माहितीये? लोक भारावून गेले!

अहो, आमच्याकडे हे वाक्य फक्त एकाच वेळी बोलतात. भाऊबंदकीत डोकी फुटली आणि गावाशी कायमचं तोडायचं असलं, की माणूस दारात उभा राहून ओरडतो, माझ्या मयताला येऊ नका म्हणून. त्यापुढे बोलायचं काही उरतच नाही. आणि मी ते वाक्य माइक न घेता, हसतमुखानं बोलून आलो होतो!

मग काय? दुसऱ्या दिवसापासून नाक्यावर कुणी हात दाखवेना. टीमच्या ग्रुपमधून मला काढलं. मला! ओपनिंग बॅट्समनला! शेजारच्या आळीत हळद होती. आमच्या गावची हळद, तिला न बोलावलेलं माणूस शोधून सापडायचं नाही. आमच्या आईला आमंत्रण नाही! ती नवी साडी घडी करून कपाटात ठेवत होती तेव्हा मी तिला विचारलं, काय झालं गं? तिनं कपाट धाडकन लावलं.

मी चुलतभाऊ जयेशला गाठलं. "ग्रुपमधून का काढलंस रे मला?"

"तुमी गाव सोडलाय ना?"

"कुणी सांगितलं?"

"तूच बोल्लास मीटिंगला. गावच्या रस्त्यासाठी तुमच्या शेताचा बांध तोडला, त्याचा राग हाय म्हणे तुज्या बाबांना."

"बांधाचं काय घेऊन बसलास? मी देहदान करतोय!" मी त्याला फॉर्म दाखवला, पंधरा मिनिटं समजावलं. त्यानं मान हलवली, गावात गेला आणि त्याला जेवढं कळलं तेवढं सांगितलं. संध्याकाळपर्यंत दुसरी बातमी तयार! पोराला मोठा आजार आहे, डॉक्टरांनी त्याला आत्ताच बुक करून ठेवलाय.

कल्याणहून मावशी शहाळी घेऊन आली. माझा हात हातात घेऊन बसली, सोडेचना. मी म्हटलं, "मावशी, मी ठणठणीत आहे."

"असंच बोलायचं बाळा," ती म्हणाली आणि रडायला लागली.

मावशी गेल्यावर बाबांनी मला समोर बसवलं. सगळं ऐकून घेतलं. मग एवढंच म्हणाले, "तुजा देह तू कुनालापन दे. पन गावाला सांगायच्या आधी मला सांगायचा होतास." माझा आवाज चढला. "म्हणजे चूक माझीच? लोकांनी पुरतं ऐकायला नको?" बाबा उठून गेले. मीही तणतणत बाहेर गेलो. राग कुणाचा आणि काढतोय कुणावर!

असा महिना होत आला आणि आमच्या गावचे शांतारामकाका गेले. नव्वदीचे होते, सकाळी चहा मागितला आणि चहा येईपर्यंत गेले. असं मरण सगळ्यांना येवो.

बाबांनी परड्यातलं चांगलं आंब्याचं लाकूड निवडलं, खांद्यावर घेतलं आणि गेले. मी कामावर जायला बाईक काढत होतो. बघतो तर बाबा परत येतायत. लाकूड खांद्यावर तसंच. अख्ख्या आळीतून, सगळ्यांच्या दारांसमोरून!

"नको म्हनाले," बाबा म्हणाले. लाकूड खाली ठेवलं आणि ओट्यावर बसले. "लाकूड परत आननारा ह्या गावात मी पयलाच."

साठीचा माणूस. मी त्यांना कधी डोळे पुसताना बघितलं नव्हतं. त्या दिवशी बघितलं. आई आतून आली आणि दाराला धरून तशीच उभी राहिली.

माझं डोकं सटकलं! लाकूड उचललं, टाकलं खांद्यावर आणि निघालो. शर्ट इस्त्रीचा, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, खांद्यावर ओंडका. बाबा मागून हाका मारत येत होते. थांबतो कोण?

स्मशानात गाव जमलेलं. गेटवर नाना.

"नाना! लाकूड का परत केलंत आमचं?"

"तूच बोल्लास, लाकूड आनायचा न्हाय."

"माझ्या मयताला! शांतारामकाकांच्या नाही!"

"जो घेनार न्हाय तो देनार कसा?" नानांचाही आवाज चढला. "तुमचा घ्यायचा, आनी तुमच्या घरी काय झाला तर आमी हात हालवत बघत बसायचा? कंच्या तोंडानं यायचा आमी तुमच्या दारात?"

खरं सांगू? हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मला वाटलं होतं मी गावाचं ओझं कमी करतोय. आणि गावाला वाटत होतं, मी त्यांचा हक्क काढून घेतला.

मग मी सांगितलं. ह्या वेळी सस्पेन्स न ठेवता. खांद्यावरचं लाकूड तसंच धरून सांगितलं, की मेल्यावर मला जाळायचं नाही, कॉलेजला द्यायचं, पोरं शिकतील, डॉक्टर होतील.

नानांनी दाढी खाजवली. "मंग गावानं काय आनायचा? लाकूड न्हाय तर काय?"

"गाडी आणा," मी म्हटलं. "मला वेळेत पोचवा."

"मंग असा बोल ना मूर्खा!" नाना एकदम पेटले. "पोचवू की! घरटी एक मानूस येल. पुढं दोन बाईक, मागं टेम्पो. कोन अडवतो बघू! कागद हाय का?"

फॉर्म महिनाभर खिशातच फिरत होता. लाकूड खाली ठेवलं, फॉर्म काढून दिला. नानांनी गेटच्या खांबावर कागद टेकवला आणि नातेवाइकाच्या जागी सही केली. पूर्ण नाव, बापाच्या नावासकट. मग बाबांकडे पेन दिलं. बाबा माझ्याकडे न बघता सही करून मोकळे झाले. "आता लाकूड आत ने," नाना म्हणाले. जिंकलो! आम्ही परत गावातले झालो! छाती पुन्हा पुढे आली.

तेवढ्यात नानांनी चष्मा सरळ केला. "ह्या हितं काय लिवलाय? देह देनाऱ्याची सही. ही जागा कोरी कशी?"

आता काय लपवू तुमच्यापासून? महिनाभर रोज त्या जागेवर पेन टेकवत होतो आणि उचलत होतो. कापणार, हा शब्द डोक्यात आला की पेन परत खिशात जायचं. कधी वाटायचं आधी फक्त डोळे देऊ, बाकीचं बघू. वैष्णवीनं दुसऱ्याच दिवशी आईबाबांच्या सह्या घेऊन फॉर्म देऊनसुद्धा टाकला होता, गाजावाजा न करता. आणि मी गावाशी भांडलो, घरच्यांशी भांडलो, बापाला रडवलं, अशा सहीसाठी जी मी केलीच नव्हती!

"ते... राहिली नाना," मी पुटपुटलो.

नानांनी कागद वर धरला. सगळ्या गावाला दिसेल असा.

"म्हंजे सही माजी हाय आनी तुज्या बापाची हाय," नाना म्हणाले. "मंग देह दिला कुनी? आमी?"

शांतारामकाकांचा मुलगा, सकाळपासून रडून डोळे लाल झालेला, तो पहिला हसला. मग गाव हसलं. बाबा हसले. आणि मी ते लाकूड उचलून चितेकडे पळालो, तोंड लपवायला त्याच्याएवढं मोठं दुसरं काही जवळ नव्हतं.