दुपारची दोन जेवणं

लग्न होऊन परळला आले तेव्हा मी कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला होते. दुपारी सासूबाईंबरोबर जेवायचे. मग नवरा पहिल्या पाळीवरून यायचा. कुणाला एकट्याने जेवू द्यायचं नाही, ही या घरची रीत, म्हणून मी त्याच्याबरोबर पुन्हा जेवायचे. तो होता तसाच राहिला. पदवीदानाच्या सकाळी मला मात्र लग्नातला ब्लाउज होईना. माहेरी पदवी घेणारी मी पहिली, त्यामुळे रडूच आलं.

"श्वास सोड," हूक ओढत नवरा म्हणाला.

"कधीचा सोडलाय!"

सासूबाई म्हणाल्या, "अगो, वरसून काळो झगो घालतलंस मां? मग हूक रवांदेत उघडे."

तशीच पदवी घेतली. नंतर गाऊन परत करायच्या रांगेत मी सगळ्यांना पुढे सोडत राहिले, तेव्हा नवरा काळजीने म्हणाला, "चल, आधी काहीतरी खाऊन घेऊ."