खारींसाठी माझी भिंत

थंडी सुरू झाली की शेजारचे काका वडूजहून बाजरीची कणसं आणून चिमण्यांसाठी अंगणातल्या तारेवर टांगतात. खारींनी चढू नये म्हणून त्यांनी तारेत रिकाम्या बाटल्या ओवल्यात; पाय पडला की बाटली गरकन फिरते. तरी एक खार पेरूवरून थेट कणसावर उडी मारते. काका तिला कौतुकानंच शिव्या देतात.

परवा ते सकाळी माझ्या भिंतीवर शेंगदाणे ठेवताना दिसले.

"काका, हे काय?"

"आवं ताई, हितं पोट भरलं की ती खार आमच्याकडं येत न्हाई. चिमण्यांनी गारठ्यात उपाशी ऱ्हायचं व्हय?"

"आणि माझी रोपं कुरतडली तर?"

"तेवढं चालायचंच."

आता चहा झाला की दाणे मीच ठेवते. काका पलीकडून बजावतात, "कमी टाका, लाडावंल."